अजून चार वर्षं खेळता यावं म्हणून

आमच्या लेकीला सॉफ्टबॉलची एक डॉलरचीही स्कॉलरशिप नाही, आणि ती कॉलेजच्या टीमची कॅचर (बॅटरमागे बसून पिचरचा बॉल झेलणारी) आहे. शिकागोच्या मराठी मंडळींत ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की समोरचा जरा थबकतो. मग इतकी वर्षं शनिवार-रविवार मैदानावर घालवले, इतका खर्च केला, तो कशासाठी? कुणी तोंडावर विचारतं, कुणी घरी गेल्यावर आपापसात बोलतं. ओळखीतल्या बऱ्याच घरांत आता दहा-बारा वर्षांच्या मुली ट्रॅव्हल सॉफ्टबॉल खेळू लागल्या आहेत. त्यांचे आईवडील मला फोन करतात आणि फोनवर सगळं अर्धवटच सांगून होतं. म्हणून एकदा सलग लिहिते आहे.

मी मूळची जळगावची. सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलसारखाच खेळ, म्हटलं की महाराष्ट्रात जळगावचं नाव निघतंच. शाळेच्या टीममध्ये मी सेकंड बेसला उभी राहायचे. ग्लोव्ह मोजके होते, त्यामुळे इनिंग बदलली की समोरच्या मुली आमचेच ग्लोव्ह घालून काळ्या मातीच्या मैदानात उतरायच्या. खेळात वरपर्यंत गेलं तर दहावी-बारावीला वाढीव गुण, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण, एवढा हिशेब घरच्यांना ठाऊक होता. बारावीनंतर कॉलेजात प्रॅक्टिकलं सुरू झाली आणि माझं मैदान सुटलं. कुणी सोडायला लावलं नव्हतं, पण खेळत राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं. हे सांगते आहे, कारण पुढचे सगळे निर्णय घेताना ही गोष्ट माझ्या मनात होती.

इथे मुलींचा सॉफ्टबॉल दोन वाटांनी चालतो. इलिनॉयमध्ये मार्च ते मे मुलगी हायस्कूलच्या टीमकडून खेळते आणि उरलेलं वर्ष क्लबच्या टीमकडून. या क्लबच्या खेळालाच ट्रॅव्हल सॉफ्टबॉल म्हणतात. वयोगट १०-यू (यू म्हणजे अंडर, दहा वर्षांपर्यंतच्या मुली), १२-यू, १४-यू असे १८-यूपर्यंत चढत जातात. सगळ्यात लहान मुली ११ इंच घेराच्या बॉलने खेळतात आणि पिचर ३५ फुटांवरून टाकते. १२-यूला बॉल १२ इंचांचा होतो आणि अंतर ४० फूट. चौदाच्या गटापासून ते ४३ फूट होतं, ते थेट कॉलेजपर्यंत तेवढंच राहतं. कॉलेजचे कोच हायस्कूलच्या मॅचला फारसे दिसत नाहीत. ते काही हायस्कूलला कमी लेखतात म्हणून नव्हे, तर त्याच दिवसांत त्यांचा स्वतःचा सीझन चालू असतो. मुली पाहायला ते उन्हाळ्यात आणि शरदात बाहेर पडतात, आणि तेव्हा खेळ क्लबचा असतो. कॉलेजात खेळायचं असेल तर क्लब का लागतो, याचं खरं कारण एवढंच आहे.

क्लब निवडताना एक गोष्ट बघितलीच पाहिजे. एकाच नावाच्या झेंड्याखाली पाच-पाच राज्यांत टीम्स असतात. जर्सीवरचं नाव मोठं असलं तरी आपली मुलगी ज्या टीममध्ये आहे तिचा कोच कोण, त्याच्या हाताखालच्या मुली पुढे कुठे गेल्या, तो कॉलेजच्या कोचला फोन उचलून प्रामाणिकपणे काय सांगतो, हे त्या नावावरून कळत नाही. लेक बारा वर्षांची असताना अशाच एका मोठ्या नावाच्या क्लबमध्ये होती. तिथे चार मुली कॅचर होत्या आणि प्रत्येकीच्या पालकांना तीच पहिली कॅचर असल्याचं सांगितलं गेलं होतं. पुढच्या ऑगस्टच्या ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, आम्ही जवळच्याच एका लहान क्लबमध्ये गेलो. तिथले कोच पहिल्याच दिवशी म्हणाले, "हिचा हात चांगला आहे, पाय संथ आहेत. दोन वर्षं लागतील." असं बोलणारा माणूस भेटला की त्याला सोडू नये.

खर्चाचंही सांगते. क्लबची फी वर्षाला काही हजार डॉलर. तिच्यावर हॉटेलं, पेट्रोल, बॅट, कॅचरचं सगळं चिलखत, खासगी शिकवण्या. बऱ्याच टूर्नामेंटना आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच राहावं लागतं, नाहीतर टीमला प्रवेश मिळत नाही. आईवडिलांनाही गेटवर तिकीट काढावं लागतं. हा पैसा स्कॉलरशिपच्या रूपाने परत येईल असं धरून जो कुणी घालतो, त्याने आधी पुढचे आकडे वाचावेत. अमेरिकेत हायस्कूलमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मुली सॉफ्टबॉल खेळतात. एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या तीन डिव्हिजन आणि त्यांत वन सगळ्यात वरची. या तिन्ही डिव्हिजन मिळून कॉलेजात खेळणाऱ्या मुली वीस-एकवीस हजार. आमच्या वेळी डिव्हिजन वनच्या एका टीमला जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या आणि त्या वीस-बावीस मुलींत वाटल्या जायच्या. डिव्हिजन टूला ७.२. त्यामुळे "स्कॉलरशिप मिळाली" म्हणजे बहुतेक वेळा फीचा चौथा हिस्सा किंवा नुसते पुस्तकांचे पैसे. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायलाच बंदी आहे. हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. तेवढेच पैसे बँकेत ठेवले असते तर जास्त जमले असते, हे आमच्या घरी पहिल्या वर्षीच मान्य होतं. आम्ही पैसे घालत होतो ते तिला खेळायला मिळावं म्हणून.

शिकागोच्या थंडीत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बाहेर पाऊल टाकता येत नाही, मग खेळ घुमटाखाली जातो. रोझमाँटच्या मोठ्या घुमटात रात्री उशिराच्या वेळा मिळायच्या. या शहरात सॉफ्टबॉल छपराखाली खेळायचा यात तसं नवल काहीच नाही. हा खेळ जन्मालाच छपराखाली आला, १८८७ साली, शिकागोच्याच फॅरागट बोट क्लबमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. आजही इथले जुने लोक १६ इंचांचा बॉल ग्लोव्हशिवाय खेळतात आणि वाकडी झालेली बोटं अभिमानाने दाखवतात.

लेक कॅचर झाली ती स्वतःच्या हट्टाने. इतर आठ जणींची तोंडं होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभी असते तिकडे असतात, सगळं मैदान समोरून बघते ती एकटी कॅचर. तिला ते आवडलं. या जागेवरच्या खेळाडूला कॉलेजचे कोच एका आकड्याने मोजतात, त्याला पॉप टाइम म्हणतात. पिच, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल, कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आदळल्यापासून तिने फेकलेला बॉल सेकंड बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. होमपासून सेकंड बेस जवळजवळ ८५ फूट. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, पण सुटला रे सुटला की चपळ मुलगी पुढच्या बेसपर्यंतचे ६० फूट तीन सेकंदांच्या आत कापते. त्यात पिच पोचायलाच जवळपास अर्धा सेकंद जातो. उरलेल्या वेळात उठायचं, बॉल हातात घ्यायचा, पाय फिरवायचे, फेकायचं आणि तिकडे रनरला बॉल टेकवून टॅगही व्हायचा. डिव्हिजन वनच्या चांगल्या कॅचरचा पॉप टाइम १.८ सेकंदांच्या आसपास असतो. लेकीचा नववीत दोनच्या वर होता. दोन हिवाळे तिने घुमटाखाली नुसते पाय फिरवण्यात घालवले. बॉल न फेकता, नुसतं उठून जागेवर यायचं आणि परत बसायचं. अकरावीपर्यंत आकडा १.९च्या घरात आला आणि तिथेच ठरला. या दशांशातल्या एका अंकाने डिव्हिजन बदलते. हे पालकांना पटायला जड जातं. मला पटलं, कारण स्टॉपवॉच माझ्याच हातात असायचं.

आता रिक्रूटिंगचं, म्हणजे कॉलेजचे कोच टीमसाठी मुली निवडतात त्याचं. ती २०२४ साली हायस्कूल संपवणाऱ्या मुलींपैकी, आणि या वर्षाच्या मुलींच्या वाट्याला दोन गोष्टी एकदम आल्या. मार्च २०२० पासून १ जून २०२१ पर्यंत कोविडमुळे डिव्हिजन वनच्या कोचना बाहेर पडून मुली बघायलाच बंदी होती. म्हणजे नववीचं अख्खं वर्ष त्यांना तिचा खेळ फक्त व्हिडिओवर दिसू शकत होता. शिवाय ज्यांचा सीझन कोविडात गेला त्या कॉलेजच्या मुलींना एक वर्ष जास्त खेळायची मुभा मिळाली. पाचव्या वर्षाच्या मुली टीममध्ये राहिल्या आणि खालून येणाऱ्यांच्या जागा तेवढ्या घटल्या. दोन्ही गोष्टींवर आमचा काहीच इलाज नव्हता. ईमेल आणि व्हिडिओ नीट करणं मात्र हातात होतं.

व्हिडिओ अडीच मिनिटांचा, संगीत नाही, सुरुवातीला तिचं नाव-गाव-गुण आणि लगेच पहिल्या दहा सेकंदांत सेकंड बेसला केलेले थ्रो. मग अंगावर आलेले, जमिनीवर आदळून उसळणारे बॉल अडवणं. बॅटिंग शेवटी. कोचकडे असे शेकडो व्हिडिओ येतात, त्यामुळे कॅचरचा हात दिसायला त्यांना वाट बघावी लागली तर ते पुढे जातात. ईमेलच्या विषयातच हायस्कूल संपण्याचं वर्ष, जागा, क्लब आणि जर्सीचा नंबर. आत त्या शनिवार-रविवारी कुठल्या मैदानावर किती वाजता मॅच आहे ते, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), आणि दोन वाक्यं खास त्या कॉलेजबद्दल. ही दोन वाक्यं लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कारण त्यासाठी त्या कॉलेजचं पान वाचावं लागतं, गेल्या आठवड्यातल्या मॅचचा निकाल बघावा लागतो. तिच्या बाबांनी एकदा म्हटलं, "दे, मी सगळ्यांना एकदम पाठवून देतो." ती म्हणाली, "बाबा, माझं नाव आहे खाली. मीच लिहिणार." त्या दिवसापासून आम्ही फक्त शुद्धलेखन बघितलं, तेही तिने विचारलं तरच.

उत्तरं यायला लागली की आणखी एक गोष्ट शिकावी लागते. डिव्हिजन वनच्या कोचना ठरलेल्या तारखेआधी मुलीशी रिक्रूटिंगबद्दल बोलता येत नाही, पण आपल्या कॅम्पचं आमंत्रण पाठवता येतं. अशी आमंत्रणं हजारोंनी जातात आणि ती वाचताना वाटतं की कोचने आपल्यालाच हेरलं आहे. खरं पत्र ओळखायला सोपं असतं, त्यात मुलीने काय केलं ते लिहिलेलं असतं. इंडियानात वेस्टफील्डच्या ग्रँड पार्कमध्ये एक टूर्नामेंट होती. ती झाल्यावर विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचचं ईमेल आलं. सहाव्या इनिंगमध्ये थर्ड बेसवर रनर असताना लेकीने मातीत पडलेला बॉल छातीवर घेतला होता, आणि लगेच उठून पिचरशी दोन शब्द बोलायला गेली होती. कोचने ते दोन्ही लिहिलं होतं, पिचरशी बोलणंसुद्धा. हे कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, आणि या डिव्हिजनला लिहिण्याबोलण्याची तारखेची अट नाही. तेव्हा त्या ईमेलला आम्ही फार महत्त्व दिलं नाही, कारण डोळे अजून वर लागले होते.

जुलैत कोलोरॅडो. चार जुलैच्या आसपास डेन्व्हर आणि भोवतालच्या गावांत देशभरातल्या टीम्स येतात आणि देशभरातले कोच. बॅकस्टॉपमागे, म्हणजे कॅचरच्या पाठीमागच्या जाळीपलीकडे, कॉलेजच्या टोप्या घातलेल्यांची रांग, हातात रडार गन आणि मुलींच्या नावांच्या याद्या. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर हवा विरळ, बॉल जास्त लांब जातो, मुलींना दम लागतो. दुपारी हटकून ढग येतात. वीज चमकली की खेळ थांबतो, आणि शेवटच्या चमकीनंतर अर्धा तास जावा लागतो. आपली मॅच ज्या वेळेला आहे असं ईमेलमध्ये लिहिलेलं असतं ती वेळ टळते, कोच दुसऱ्या मैदानावर निघून जातात. तिथे लेकीने मैदानातूनच फोनवर नव्या वेळा कळवल्या. कोच बघतात काय, तर फक्त हिट नाही. स्ट्राइक आउट होऊन परत येताना मुलगी हेल्मेट आपटते का, बेंचवर बसलेली असताना ओरडून टीमला साथ देते का, आईला बॅग उचलायला लावते का. तिथे पाण्याची बाटली घेऊन डगआउटकडे निघालेल्या एका आईला आमच्या कोचने हाताने थांबवलं आणि हळूच सांगितलं, "तिला स्वतः घेऊ द्या. ते बघतायत."

डिव्हिजन टूच्या कोचना दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून फोन करता येतो. डिव्हिजन वनला अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपासून. २०१८ मध्ये हा नियम सॉफ्टबॉलला लागू झाला. त्याआधी आठवीतल्या मुलीसुद्धा कॉलेजांना तोंडी शब्द देऊन बसायच्या, आणि तो शब्द कॉलेजवर बंधनकारक नसायचा. नियम चांगला आहे, त्याने या मुलींचं बालपण दोन-तीन वर्षांनी वाढवलं. आमच्या घरी हा १ सप्टेंबर २०२२ सालचा. ३१ ऑगस्टला गणपती बसले होते. रात्री बारा वाजले की फोन वाजू लागतात, हे या मुलींच्या जगात सगळ्यांना माहीत असतं. मखराजवळची समई तेवत होती, पाहुणे गेले होते, मी दुसऱ्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीसाठी अळू निवडत होते आणि ती जिन्याच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. बारा वाजून काही मिनिटांनी मेसेज आले. तिच्या पिचर मैत्रिणीला आले त्या मानाने थोडे, पण आले. सकाळी इंडियानातल्या एका डिव्हिजन वन कॉलेजच्या कोचचा फोन आला. दार उघडं ठेवून ती बोलत होती. कोचने विचारलं असावं, हरलेली एखादी मॅच सांग. तिने सांगितली. पिचरकडे कुठला पिच चुकीचा मागितला, का मागितला, आता काय मागितलं असतं. सोळा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाशी इतकं नीट बोलता येतं, हे मला त्या सकाळी समजलं. उद्या खेळ सुटला तरी हे तिच्याकडे राहणार होतं.

त्या शनिवारी गौरी आणि लेबर डेची टूर्नामेंट एकाच वेळी आल्या. मैत्रिणीने गौरी आपल्या घरी बसवल्या आणि मी रविवारी रात्री जाऊन ओटी भरली.

इंडियानाचं प्रकरण हिवाळ्यापर्यंत चांगलं चाललं. कॅम्पसला बोलावलं, टीमच्या मुलींशी गाठ घालून दिली. मग फोन विरळ झाले. फेब्रुवारीत कोचने सांगितलं की त्यांनी ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दोन वर्षं कॉलेजात खेळलेली कॅचर घेतली आहे. पोर्टल २०१८ पासून आहे. २०२१ नंतर कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. कोचच्या बाजूने बघितलं तर हे सरळ आहे, अठरा वर्षांच्या मुलीवर दोन वर्षं मेहनत घेण्यापेक्षा वीस वर्षांची तयार मुलगी मिळते. पण त्यांनी ते डिसेंबरात सांगायला हवं होतं. डिसेंबरात लेकीने दुसऱ्या एका कॉलेजला नकार दिला होता, तो याच भरवशावर. ती आठवडाभर गप्प होती. मग एका रात्री टेबलावर लॅपटॉप आणून म्हणाली, "आई, मला कुठे खेळायला मिळेल ते शोधायचंय. कुठे नाव लागेल ते नाही."

तिथून पुढे आम्ही जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक कॉलेजच्या टीमचं पान उघडायचं आणि कॅचर किती, कोणत्या वर्षाला आहेत, ती येईल तेव्हा कोण उरेल ते लिहायचं. मग तिला हवा तो विषय, जीवशास्त्र, तिथे कसा शिकवतात आणि दुपारची प्रयोगशाळा प्रॅक्टिसच्या वेळेवर आली तर काय करतात, हे कोचला थेट विचारायचं. एका कोचने सांगितलं की आमच्या मुली सहसा तो विषय घेत नाहीत. ते कॉलेज यादीतून गेलं. आणि शेवटचा प्रश्न तिने तिचा तिलाच विचारायचा होता. कॅचरचे गुडघे कधी जातील सांगता येत नाही. पहिल्याच महिन्यात गेला, तर या गावात, या वर्गात, या मुलींबरोबर चार वर्षं राहशील का? विस्कॉन्सिनच्या कॉलेजात ती एक रात्र टीमच्या मुलींच्या खोलीवर राहिली, सकाळी जीवशास्त्राच्या तासाला बसली आणि परतताना गाडीत मॅडिसन येईपर्यंत त्या तासाबद्दलच बोलत होती.

डिव्हिजन थ्रीमध्ये कोचच्या हातात पैसे नसतात, आणि प्रवेशही सर्वस्वी त्याच्या हातात नसतो. अकरावी संपल्यावर कोचने तिची गुणपत्रिका प्रवेश विभागाकडे दिली. त्याला प्री-रीड म्हणतात. अर्ज केला तर प्रवेशाची शक्यता किती आणि गुणांवर मदत अंदाजे किती, हे त्यातून आधी कळतं. छापील खर्च वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे होता. छापील आकडा बघून आपले लोक तिथेच पान मिटतात. मिटू नका. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यात आपलं उत्पन्न आणि गुण भरून बघा. गुणांवरची मदत वजा जाता आमचा आकडा इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठाच्या जवळपास आला. तिच्या दहावी-अकरावीच्या गुणांनी जे पैसे वाचवले, ते तिच्या बॅटने कुठेही वाचवले नसते. तिने बारावीच्या नोव्हेंबरात अर्ली डिसिजनने अर्ज केला. हा अर्ज बांधील असतो, प्रवेश मिळाला की इतर अर्ज मागे घ्यावे लागतात, त्यामुळे पैशांचं चित्र आधी स्पष्ट असल्याशिवाय तो करू नये. त्या वर्षी सरकारच्या मदतीचा नवा फाफ्सा फॉर्म डिसेंबर संपताना उघडला आणि त्यातली माहिती कॉलेजांपर्यंत पोचायला मार्च उजाडला. अनेक घरं मे महिन्यापर्यंत टांगणीला होती. आमच्या कॉलेजने सीएसएस प्रोफाइल या मदतीच्या वेगळ्या अर्जावरून आकडा आधीच दिला होता म्हणून आम्ही निभावलो.

तिच्या टीममधल्या पिचरला डिव्हिजन वन मिळालं. एक मुलगी इथल्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात गेली आणि तिथे भरपूर खेळली. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे खेळणाऱ्या शॉर्टस्टॉपने बारावीनंतर खेळ थांबवला आणि ती आनंदात आहे.

जळगावला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "अगं, पण याने तिला पुढे नोकरीत काही उपयोग होईल का?" तिचा प्रश्न तिच्या काळाचा आणि तिच्या मायेचा. मी म्हटलं, "नाही गं आई. ती फक्त खेळणार आहे, अजून चार वर्षं." आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "बरं आहे. तुला नाही मिळालं."

पहिला सीझन २०२५ चा. विस्कॉन्सिनात मार्चमध्ये मैदानावर बर्फ असतं, म्हणून उत्तरेकडच्या टीम्स सुट्टीत फ्लोरिडात क्लरमाँट-लीसबर्गच्या बाजूला जाऊन एकामागून एक मॅच खेळतात. डबल हेडरमधली, म्हणजे एकाच दिवशीच्या दोन मॅचपैकी, दुसरी मॅच तिची. पहिलीला चौथ्या वर्षाची मुलगी कॅचर होती, आणि तिच्याकडून ही शिकली. मनगटाच्या पट्टीवरचे आकडे बघून कोचने सांगितलेला पिच पिचरला खुणावणं तिला महिनाभर जड गेलं. जीवशास्त्राचा एक पेपर तिने हॉटेलच्या लॉबीत कोचच्या देखरेखीखाली दिला.

याच काळात वरच्या डिव्हिजनचं जग भराभर बदललं. कॉलेज पक्कं केल्याचं सहीचं जुनं पत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेलेल्या निजारी कॅनडी या पिचरचा करार दहा लाख डॉलरच्या वर होता, आणि २०२५ मध्ये तिने त्या टीमला ओक्लाहोमा सिटीत राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं. खेळाडू आणि एनसीएए यांच्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या डिव्हिजन वनच्या कॉलेजांना स्कॉलरशिपची १२ची मर्यादा उरली नाही, पण टीममध्ये २५ पेक्षा जास्त मुली ठेवता येत नाहीत. ज्या कॉलेजांकडे पैसा आहे तिथे पूर्ण स्कॉलरशिप वाढतील, आणि बिनस्कॉलरशिपच्या मुलींच्या जागा जातील. त्या मुली खालच्या डिव्हिजनकडे वळतील, तेव्हा तिथेही कॅचरच्या जागेसाठी रांग लांबेल. आज ज्यांची मुलगी आठवीत-नववीत आहे त्यांनी माझ्या अनुभवातल्या तारखा आणि आकडे प्रमाण धरू नयेत, एनसीएएच्या पानावर त्या वर्षीचे नियम वाचावेत. वरच्या दोन्ही डिव्हिजनसाठी हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य शैक्षणिक) विषय लागतात, आणि डिव्हिजन वनसाठी त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात. तेव्हा हायस्कूलच्या समुपदेशकाकडे नववीतच जाऊन विषयांची यादी तपासून घ्या. कॅम्पचे पैसे भरण्याआधी कोचला मुलीने एक ओळ लिहून विचारावं की माझ्या वर्षासाठी, माझ्या जागेवर तुम्ही कुणी शोधताय का. बहुतेक जण खरं उत्तर देतात.